प्लग फेकण्याआधी टोपी उघडून बघा

आमच्या खिडकीत बिस्किटाच्या जुन्या डब्यात तीन स्पार्क प्लग पडून आहेत. तिन्ही धडधाकट. एकाच पावसाळ्यात मी ते एकामागून एक ‘खराब’ म्हणून काढून टाकले होते. गाडी शंभर सीसीची, चोपडा तालुक्यातल्या गावाहून रोज अमळनेरला जाणारी. सकाळी किक मारून मारून पोटरी भरून यायची, आणि दुपारी ऊन पडलं की तीच गाडी पहिल्या किकला चालू. रिमझिम लागली की तापीच्या पुलावर दोन झटके देऊन गप्प. नवा प्लग टाकला की चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा पहिले पाढे.

चौथा प्लग घ्यायला दुकानात उभा होतो. शेजारी ट्रॅक्टरचा फिल्टर घ्यायला आलेले एक म्हातारे बाबा माझं रडगाणं ऐकत होते. म्हणाले, “टोपीमा पानी गयं व्हई, भो. प्लगले काय व्हयनं?”

घरी येऊन टोपी, म्हणजे वायरच्या टोकाला असलेलं प्लगच्या डोक्यावर बसणारं झाकण, उघडली. आत तांब्याची तार हिरवी पडलेली, स्क्रू गंजून तपकिरी, आणि टोपीच्या अंगावर केसाएवढी चीर. वायरचा अर्धा बोट तुकडा कापला, नवी टोपी बसवली, डब्यातला पहिलाच प्लग पुसून परत लावला. तो पुढे दोन वर्षं चालला.

मी मेकॅनिक नाही. पण हे काम आता इतक्या वेळा केलंय की गल्लीतली पोरं गाडी घेऊन माझ्याच ओट्यापाशी येतात. ज्यांनी अजून प्लगपाना हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो.

आधी थोडं कारण समजून घ्या

कॉइलमधून (विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीतून) प्लगकडे येणारी वीज दहा-वीस हजार व्होल्टची असते. तिला प्लगच्या टोकाशी फटीतून उडी मारायची असते, पण वाटेत सोपा रस्ता मिळाला तर ती तिकडूनच पळते. ओली माती, टोपीतलं पाणी, चिनीमातीवरचा काळा ओघळ, हे तिचे सोपे रस्ते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ज्या वळ्या असतात त्या शोभेच्या नसतात. विजेला खाली लोखंडी अंगापर्यंत पळायचा रस्ता लांबावा म्हणून त्या दिलेल्या असतात. त्या वळ्यांत चिखल बसला की त्यांचा उपयोग संपला.

म्हणजे गाडी बंद पाडतो तो ओलावा. गंज त्याच्या मागून येतो आणि वेगळंच काम करतो: प्लग हेडमध्ये (इंजिनाच्या ज्या वरच्या भागात तो बसतो तिथे) जाम करतो, षटकोनी डोकं खातो, आणि काढताना त्याचे पोपडे इंजिनात पडतात. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत.

खान्देशात पाऊस कोकणासारखा नाही, मग इतका त्रास का? माझ्या मते चार कारणं. काळी माती, ती चिकटते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. दुसरं, युरियाची गोणी. टाकीवर आडवी टाकून आपण मळ्यात नेतो, दाणे खाली इंजिनावर सांडतात, आणि खत हवेतलं पाणी ओढून घेतं. तिसरं, गोठा. जनावरांच्या मुताचा जो डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो अमोनियाचा, आणि तांबं-पितळ त्याच्यापुढे टिकत नाही. माझ्या टोपीतली हिरवी तार पावसाने कमी आणि गोठ्याने जास्त खाल्ली होती, कारण गाडी रात्री बैलांच्या शेजारी उभी असायची. चौथं कारण धुणं. त्यावर शेवटी सविस्तर बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या पावसाने नाही, धुण्याने बंद पडलेल्या असतात.

१. आधी ओळखा: पाणी, पेट्रोल की तेल?

‘प्लग ओला आहे’ एवढ्याने काही कळत नाही. टोपी काढली आणि वरचा, म्हणजे बाहेरचा भाग ओला दिसला तर ते पाणी. प्लग बाहेर काढल्यावर आतलं टोक ओलं असेल तर नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर चोक जास्त वेळ ओढला गेलाय किंवा ठिणगीच पडत नाहीये. काळं, चिकट, बोटाला तेलकट लागलं तर इंजिन ऑइल वर येतंय. तो रिंग-व्हॉल्व्हचा मामला आहे, हा लेख तिथे कामाचा नाही.

लक्षणांवरूनही अंदाज येतो. सकाळी अडते आणि उन्हात सुधारते, धुतल्यानंतर अडते, पावसात मिसिंग मारते, म्हणजे चालता चालता अडखळते: संशय टोपीवर. ऊन-पाऊस काहीही असो, रोजच अडते: मग आधी पेट्रोल, एअर फिल्टर आणि बॅटरीकडे बघा.

२. सामान जमवा

गाडीबरोबर आलेलं ओनर्स मॅन्युअल आधी शोधा. बहुतेकांचं कपाटात कोऱ्या करकरीत अवस्थेत सापडतं. त्यात तुमच्या गाडीचा प्लग नंबर आणि गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची फट किती हवी ते, दिलेली असते. गाडी वॉरंटीत असेल तर टोपी-वायर कापण्याच्या भानगडीत पडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

बाकी लागेल ते असं:

- प्लगपाना. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या प्लगचे आटे १० मिमीचे आणि त्याला पाना १६ मिमीचा. १२ मिमीच्या आट्यांना १८ चा, आणि जुन्या बुलेटसारख्या १४ मिमीच्या प्लगला २१ चा. एनजीके कंपनीच्या प्लगवर पहिलं अक्षर सी असेल तर आटे १० मिमी, डी असेल तर १२, बी असेल तर १४.
- फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पाच मिनिटांसाठी आणा, ब्लेडच्या जाडीवर अंदाज लावू नका.
- जुना दातांचा ब्रश, पितळी तारांचा छोटा ब्रश, सुती बनियनच्या चिंध्या.
- सायकलचा हवेचा पंप.
- गंज सोडवणारा स्प्रे. नसला तर थोडं डिझेल.
- सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, लहान ट्यूब. साधं चाकाचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने टोपीचं रबर फुगतं.
- धारदार कटर, आणि असला तर मल्टिमीटर. गावातल्या वायरमनकडे असतोच.
- फवारणीच्या पंपाची जुनी रबरी नळी, वीतभर. आधी साबणाने स्वच्छ धुतलेली. ही कशाला ते पुढे सांगतो.

पल्सरसारख्या डीटीएस-आय गाडीला एकापेक्षा जास्त प्लग असतात. दिसतो तो साफ करून लोक खूश होतात आणि पलीकडचा तसाच गंजत राहतो. दोन्ही बाजूंनी वाकून बघा.

३. इंजिन थंड होऊ द्या, मग माती काढा

हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग लोखंडी. गरम असताना ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जोर लावला की प्लगबरोबर सोलून येतात. गाडी रात्रभर उभी आहे अशा सकाळी काम करणं सगळ्यात बरं.

टोपी अजून काढू नका. आधी तिच्या आजूबाजूची वाळलेली माती ब्रशने आणि लाकडी काडीने मोकळी करा. पाणी मारू नका, पाण्यानेच तर हे सगळं झालंय. स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत सिलिंडर जवळजवळ आडवा असतो आणि प्लग पुढच्या चाकाच्या मागेच येतो. तिथे मडगार्डखालून उडालेल्या चिखलाचा थर बसतो. काही गाड्यांत प्लग खोल खड्ड्यात असतो. त्या खड्ड्याला पाणी जायला हेडच्या बाजूला बारीक भोक ठेवलेलं असतं. ते शोधा. पातळ तार घालून मोकळं करा. एका पोराच्या गाडीत हे भोक कुंभारमाशीने मातीचं घर बांधून अगदी सिमेंट केल्यासारखं बुजवलं होतं. आत प्लग अर्धा पाण्यात उभा, आणि तो बिचारा कार्ब्युरेटर तीनदा उघडून बसला होता.

४. टोपी: निम्मं काम इथेच आहे

चावी बंद. टोपी बोटांनी धरा, वायर ओढू नका. थोडी डावी-उजवी फिरवत सरळ बाहेर काढा. जुनं रबर चिकटलेलं असतं, घाई केली तर वायर टोपीतून सुटून हातात येते.

आता उजेडात नीट बघा. आत पाण्याचे थेंब आहेत का? आतल्या धातूला पांढरी किंवा हिरवी पूड लागलीय का? रबराची कड फाटलीय का? टोपीच्या अंगावर नखाने चीर लागते का? आत पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी बारीक काळी रेष दिसली तर वीज तिथून पळत होती. ती रेष कोळशाची असते, पुसून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. टोपी बदलायची, दुसरा विचार नाही.

टोपी धड दिसली तरी ती वायरवर कशी बसलीय ते तपासा. बहुतेक गाड्यांत टोपीच्या आत एक टोकदार स्क्रू असतो आणि तो वायरच्या तांब्यात घुसलेला असतो. टोपी उलट्या दिशेने फिरवली की ती वायरवरून निघते. फिरत नसेल, वायर टोपीत साच्यातूनच बसवलेली असेल, तर ओढाताण करू नका, ती गाडी वेगळी आहे.

निघाली तर वायरचं टोक बघा. तांबं लालसर चमकत असेल तर उत्तम. हिरवं-काळं असेल तर कटरने अर्धा सेंटीमीटर सरळ काटकोनात कापा. पुन्हा हिरवं दिसलं तर आणखी थोडं. पण वायर आखूड किती होतेय याचं भान ठेवा, हँडल वळवताना ताण आला नाही पाहिजे. एका चुलतभावाने उत्साहात दोन इंच कापली आणि मग टोपी प्लगपर्यंत पोचेना. नवीन वायर-कॉइल घ्यावी लागली, कारण त्याच्या गाडीत ती जोडूनच येत होती.

मल्टिमीटर असेल तर टोपीच्या दोन टोकांत रोध मोजा. बऱ्याच टोप्यांत साधारण ५ किलो-ओहमचा रोधक बसवलेला असतो. आकडा त्याच्या आसपास आला तर ठीक. काहीच दाखवत नसेल किंवा टोपी हलवली की आकडा उड्या मारत असेल, तर ती आतून गेलेली आहे, वरून कितीही नवी दिसो.

टोपी कोरडी कशी करायची? उन्हात अर्धा तास. खान्देशात पावसाळ्यातही उघडीप मिळतेच, आणि मिळाली की ऊन कमी नसतं. घाई असेल तर बाईच्या केसांचा ड्रायर, लांबून. मेणबत्ती, उदबत्ती, लायटर नको.

परत बसवताना वायरचं टोक टोपीत घट्ट फिरवा. स्क्रू तांब्यात धरल्याचं हाताला कळतं. मग रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा, दोन्हीकडे: वायर शिरते तिथे आणि प्लगवर बसते तिथे. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, पाणी अडवतं. म्हणून ते रबरालाच लावायचं, आतल्या धातूच्या पकडीत ठासून भरायचं नाही.

५. प्लग काढा, पण आधी फुंकर

टोपी निघाली, आता पाना लावावासा वाटेल. थांबा. प्लगच्या बुडाभोवती वाळू, गंजाचे पोपडे, मातीचे खडे असतात. प्लग सैल झाला की ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये. डोळ्यांवर चष्मा लावा, ब्रश फिरवा आणि सायकलच्या पंपाने जोरात हवा मारा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जवळ असेल तर फारच छान.

बुड गंजलेलं असेल तर गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेलचे चार थेंब प्लगच्या मुळाशी सोडा. अर्धा तास थांबा. फारच जाम असेल तर रात्रभर.

पाना पूर्ण खाली, सरळ बसला पाहिजे. तिरका बसला तर षटकोन गोल होतो किंवा चिनीमाती कट्कन तुटते. आता हळू डावीकडे. सैल होऊन मोकळा फिरला तर झालंच. पण करकर आवाज करत, अडखळत येत असेल तर तसाच बाहेर ओढू नका. पाव फेरा सैल, मग थोडा परत आत, पुन्हा दोन थेंब डिझेल, पुन्हा पाव फेरा. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या. पान्याला लांब पाइप लावून जोर करणाऱ्याला मात्र गाडीजवळ येऊ देऊ नका. तरीही हललाच नाही तर हे काम लेथ किंवा चांगल्या गॅरेजचं आहे असं समजून थांबा. अर्धा तुटलेला प्लग हेडमधून काढणं फार महागात पडतं.

निघाला की भोकात लगेच स्वच्छ चिंधीचा बोळा. बोळ्याची शेपटी बाहेर दिसेल इतका मोठा ठेवा.

६. प्लग बघा, साफ करा

टोक विटकरी-तांबूस किंवा फिकट राखाडी: इंजिन नीट जळतंय. कोरडं काळं काजळ: पेट्रोल जास्त, किंवा फेऱ्या फार छोट्या. हे दुसरं कारण आपल्याकडे फार. प्लगला स्वतःवरचं काजळ जाळायला सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. गाव ते मळा दीड किलोमीटर, बंद, परत दीड किलोमीटर, अशा फेऱ्यांत तो तिथवर तापतच नाही. त्यात पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, एका लिटरमागे जवळपास लिटरभर. गाडी तापली तर ते वाफ होऊन जातं, नाही तर सायलेन्सरमध्ये आणि थोडं आतच राहतं. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा केळीच्या बागेतून सकाळी निघणाऱ्या गाड्या का रडतात, त्याचं एक कारण हे. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा.

आतल्या टोकावर किंवा आट्यांवर लाल गंज असेल तर गाडी बरेच महिने उभी होती किंवा सिलिंडरमध्येच पाणी गेलं होतं. असा प्लग साफ करत बसू नका, नवा टाका. चिनीमातीला चीर असली, डोकं हाताने हलत असलं, मधली तार झिजून गोल झाली असली तरी नवाच.

चिनीमाती लोखंडी अंगाला मिळते तिथे कधी कधी तपकिरी कडं दिसतं. त्याला लोक ‘हवा लीक’ म्हणतात आणि प्लग फेकतात. बहुतेकदा तो उच्च दाबाच्या विजेने ओढून घेतलेल्या धूळ-तेलाचा डाग असतो, प्लग चालतो. वरून खाली गेलेली काळी रेघ मात्र वाईट.

साफ करायची पद्धत: आट्यांवर आणि बाहेरच्या गंजावर पितळी ब्रश. चिनीमातीवर ब्रश मुळीच नाही, पितळ घासून तिच्यावर धातूच्या रेषा उमटतात आणि विजेला आयता रस्ता मिळतो. तिथे पेट्रोलने ओली केलेली चिंधी पुरते. हे अंगणात, उघड्यावर करा, विडीवाल्याला लांब बसवून. पॉलिश पेपरने टोक घासायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. त्याचे बारीक कण आत अडकतात आणि मग इंजिनात जातात. रस्त्यात अडलात आणि दुसरा उपाय नाही तर ठीक, घरी करू नका.

आणि गॅसच्या शेगडीवर प्लग लाल करणं. आमच्या आजोबांच्या राजदूतच्या काळापासून चालत आलेलं. सादळलेला प्लग त्याने वाळतो खरा, पण तसा तर तो उन्हातही वाळतो. लाल करून मग गार फरशीवर ठेवला की चिनीमाती आतून तडकते. ती चीर डोळ्याला दिसत नाही, आणि आठ दिवसांनी गाडी ‘पुन्हा’ अडते.

शेवटी गॅप. कुठे ०.६-०.७ मिमी, कुठे ०.८-०.९, मॅन्युअल सांगेल ती. वाकवायची ती बाहेरची पट्टी, मधल्या तारेला धक्का लागू देऊ नका.

७. परत बसवताना: माझे साडेसहाशे रुपये इथे गेले

एकदा घाईत होतो म्हणून प्लग एका गॅरेजात बसवून घेतला. पोराने पहिल्या आट्यापासूनच पान्याने फिरवला आणि शेवटी पायाने जोर दिला. ‘ढिला राहायला नको’ म्हणाला. दोन महिन्यांनी मी तो काढला तेव्हा ॲल्युमिनियमची भुगी घेऊनच बाहेर आला. आटे गेले. हेड उतरवून लेथवाल्याकडे हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागली, साडेसहाशे रुपये आणि तीन दिवस एसटीने ये-जा.

म्हणून ती रबरी नळी. प्लगच्या चिनीमातीवर घट्ट बसेल अशी नळी लावा आणि नळी धरून प्लग भोकात फिरवा. प्लग तिरका लागला तर नळी नुसती घसरते, आटे वाचतात. सरळ लागला तर तो लोण्यात शिरल्यासारखा आत जातो. बुडाला टेकेपर्यंत हातानेच. पाना फक्त शेवटी: वायसरवाला नवीन प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, कारण नवा वायसर दबायला हवा. जुनाच परत लावताय तर फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून कमीच. टॉर्क रेंच असेल तर १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर.

आट्यांना ग्रीस लावू का, असं सगळे विचारतात. नवीन प्लगवर गंज न चढण्यासाठी मुळातच चकचकीत मुलामा असतो. त्यावर आणखी चिकट काही लावलं की पाना सहज फिरतो आणि हाताच्या अंदाजापेक्षा जास्त घट्ट बसतो. मी कोरडाच बसवतो.

नवीन प्लग घेतला की आणखी एक खोच. त्याच्या डोक्यावर छोटी बोंडी फिरवलेली असते. तुमच्या टोपीला ती हवी की नको, हे जुना प्लग शेजारी ठेवूनच कळतं. जुन्यावर नसेल तर काढा, असेल तर पक्कडने घट्ट करा. ढिल्या बोंडीने माझ्या मेहुण्याची नवी कोरी गाडी आठवडाभर मिसिंग मारत होती.

टोपी दाबताना ‘टक्’ असं बसल्याचं जाणवलं पाहिजे.

८. अंधारात फवारा

काम बरोबर झालं की नाही, हे रात्री कळतं. ओसरीतला दिवा बंद करा, गाडी चालू करून न्यूट्रलमध्ये ठेवा, आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याची बाटली घेऊन टोपी, वायर, कॉइलवर बारीक फवारा मारा. शेतातला फवारणी पंप नको, त्यात औषधाचा अंश असतो. चीर कुठे राहिली असेल तर तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, टिक् टिक् आवाज येतो आणि इंजिन अडखळतं. हात लांब ठेवा, झटका सणसणीत बसतो. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं.

गाडी चालूच होत नसेल तर ठिणगी बघायची सुरक्षित रीत: गाडीचा प्लग भोकातच घट्ट राहू द्या. टोपीत दुसरा एक प्लग घाला, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि कोणाला तरी किक मारायला सांगा. प्लग काढलेल्या भोकाशेजारी ठिणगी पाडू नका, आतून पेट्रोलचा फवारा येतो आणि भडका उडतो. आणि प्लग हवेत लटकत ठेवून किक मारली तर ठिणगीला परतीची वाट मिळत नाही, कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी) जळू शकतं.

९. फरशीवरून पाणी होतं आणि गाडी बुडाली तर

नाल्याच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, पाण्यात बंद पडली तर किक मारू नका, सेल्फ दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, चावी बंद, प्लग काढा, टोपी इंजिनापासून लांब बांधा. मग हळूहळू चार-सहा किक. भोकातून पाणी पिचकारीसारखं येईल, तोंड समोर नेऊ नका. एअर फिल्टर उघडा. ऑइलची काडी काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

इंजेक्शनवाली, म्हणजे २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांसारखी असेल तर पाणी बाहेर काढण्यापलीकडे काही करू नका, तिच्यात सेन्सर आणि जोडण्या बऱ्याच आहेत.

१०. धुणं आणि उभी करणं

पोळ्याला बैलांबरोबर गाडी धुवायची, दसऱ्याला धुवायची, आणि एरवी मोटार चालू असली की ड्रिपच्या मेन लाइनला पाइप लावून मारायची. लांबून येऊन तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारणं सर्वांत वाईट. टोपीतली हवा गरम असते, पाणी पडताच ती आकसते आणि कडेचं पाणी आत ओढून घेते. अर्धा तास गार होऊ द्या. वॉशिंग सेंटरला सांगा की प्रेशरची तोटी टोपीवर धरू नको. सांगितलं तरी तो धरतोच, म्हणून मी हल्ली टोपीभोवती प्लास्टिकची पिशवी रबराने बांधूनच गाडी देतो. तो हसतो. धुऊन झालं की पिशवी काढून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, तशीच उभी करून झोपायला जाऊ नका.

युरिया नेल्यानंतर आधी कोरड्या ब्रशने दाणे झटका, मग ओल्या चिंधीने पुसा. पुढच्या मडगार्डला रबराचा लांब फ्लॅप लावा. टायरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन बोल्टने लावला तरी चालतो, त्याने प्लगवर येणारा निम्माअधिक चिखल थांबतो.

गाडी गोठ्यातून हलवा. जागाच नसेल तर जनावरांच्या गव्हाणीपासून लांबच्या टोकाला, वारा येतो तिथे. ताडपत्री झाकत असाल तर खालून हातभर उघडी सोडा. जमिनीपर्यंत ओढली की काळ्या जमिनीतली वाफ आतच कोंडते आणि सकाळी टाकीवर दव पडल्यासारखं पाणी दिसतं. महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते रिकाम्या टाकीतल्या हवेतलं पाणी शोषतं.

साइड कव्हरच्या आत मी एक चांगला प्लग, पाना, एक टोपी आणि सुती चिंधी ठेवतो. प्लगच्या आट्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला, वर कागद गुंडाळलेला. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला नातेवाइकांकडे जाताना धरणगावच्या अलीकडे एका अनोळखी पोराची गाडी बंद पडलेली दिसली. प्लग हातात घेऊन तो पॉलिश पेपर शोधत होता. मी त्याला टोपी उघडायला सांगितली. आतून चमचाभर पाणी निघालं.